सरकणारा दोरा टाक्याला कशाला वापरतात?

गोदाकाठची | १७ जानेवारी, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

परवा करीच्या दिवशी अप्पा स्कूटरवरून नाशिकच्या द्वारका चौकाकडून घरी येत होते. तुटलेला नायलॉन मांजा रस्त्यावर आडवा लोंबत होता, तो गळ्याला लागला. थंडी होती म्हणून मफलर गुंडाळलेला, आणि खरं तर त्या मफलरनेच वाचवलं. मफलर कापून मांजा आत गेला. चार बोटं लांब जखम झाली, पण मोठी शीर, श्वासनलिका वगैरे सगळं शाबूत आहे. आता घरी आहेत आणि चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरताहेत, म्हणजे ठीकच आहेत.

टाके घालताना अप्पांनी माझा हात सोडला नाही, त्यामुळे सगळं दोन फुटांवरून पाहिलं. डॉक्टरांनी आधी आतल्या थराला जांभळ्या दोऱ्याने टाके घातले, मग वरून काळ्या दोऱ्याने. जांभळ्याची गाठ मारताना मी मोजत होते. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक टाक्याला चार! न राहवून विचारलं, "एवढ्या गाठी?" तर म्हणाले, "कोटेड आहे हा, सरकतो. दोन गाठींवर भरवसा नाही. नंतर आत हाताला बारीक गाठी लागतील, घाबरू नका."

तेव्हा मान डोलावली. घरी आल्यावर डोक्यात किडा शिरला. दोरा सरकतो हे माहीत आहे, तर मग मुद्दाम सरकणारा दोरा वापरायचाच कशाला? आणि 'कोटेड' म्हणजे त्याला लावलेलं असतं तरी काय? इथे बरेच जाणकार आहेत म्हणून विचारतेय.

---

चिवडाबहाद्दर | १७ जानेवारी, रात्री १०:५८

अप्पांना लवकर बरं वाटो. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी दर संक्रांतीला हेच. विकणाऱ्यांच्याच गळ्यात बांधायला हवा.

बाकी, धाग्यावर निघालेला धागा पहिल्यांदाच पाहतोय. रुमाल टाकून ठेवतो.

---

ओटीतली_सिस्टर | १७ जानेवारी, रात्री ११:३५

ताई, तुमचा प्रश्न एकदम बरोबर आहे. नवीन मुलीसुद्धा ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आल्या की हेच विचारतात.

माझी बावीस वर्षं ओटीत गेली, स्क्रबला, म्हणजे सर्जनच्या हातात सामान द्यायला. दिवसभरात दोऱ्याची किती फॉइल पाकिटं उघडते याचा हिशेब नाही. मी फक्त हाताला काय लागतं ते सांगते, शास्त्र डॉक्टर लोक सांगतील.

तुम्ही पाहिलेला जांभळा दोरा म्हणजे बहुतेक व्हायक्रिल किंवा त्याच जातीचा, आपोआप विरघळणारा. तो एक तार नसतो. केसांपेक्षा बारीक अशा पुष्कळ तंतूंची वेणी असते. वेणी घातली की दोरा मऊ पडतो, हातात राहतो, गाठ बसते. पण वेणी म्हणजे खाचा आल्या. कोटिंग नसलेली वेणी ओल्या मांसातून ओढली की प्रत्येक खाच थोडं थोडं धरून ठेवते. ओढणाऱ्याच्या बोटांना करकर जाणवते. मी लागले तेव्हाच्या एक वयस्कर सिस्टर सांगायच्या, की सुरुवातीचे बिनकोटिंगचे दोरे द्यायच्या आधी सलाइनमध्ये भिजवून द्यावे लागायचे, नाहीतर सर्जन ओरडायचे.

कोटिंगचा दोरा चिमटीतून ओढून पाहिला तर मेण चोळलेल्या वातीसारखा लागतो. आजी गोधडी शिवताना दोरा मेणाच्या तुकड्यावरून ओढून घ्यायची ना, तसाच.

आणि चार गाठी म्हणजे डॉक्टरांनी काम नीट केलंय. काळजी करू नका.

---

डॉ_निरगाठ | १८ जानेवारी, सकाळी ७:१०

राउंडच्या आधी थोडा वेळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सिस्टरांनी सांगितलेल्या करकरीला आम्ही 'टिश्यू ड्रॅग' म्हणतो. दोरा मांसातून जाताना मांस त्याला ओढून धरतं, आणि मग दोराही मांसाला ओढतो. चामडीत हे चालून जातं, ती चिवट असते. पण आतड्याची भिंत, लहान मुलाचं मांस, सुजलेला भाग इथे खरखरीत दोरा करवतीसारखा चालतो. उकडलेलं अंडं दोऱ्याने कापतात ते आठवा. कापायला धार लागतेच असं नाही. बारीक दोरा, त्यावर ताण आणि थोडं पुढेमागे सरकणं एवढं पुरतं. ताईंच्या अप्पांच्या गळ्यावर मांजाने नेमकं हेच केलं. टाका घालताना आम्हाला तेच टाळायचं असतं.

हे झालं पहिलं कारण. दुसरं जरा कमी बोललं जातं, पण माझ्या मते तेच मोठं आहे. ते आहे गाठ खाली बसवण्याचं.

पोटात खोलवर टाका घातला की गाठ तिथे जाऊन मारता येत नाही. ती वर मारायची आणि बोटाने खाली सरकवत न्यायची. दोरा खरखरीत असला तर गाठ कटकट करत अडखळत जाते आणि मध्येच आवळून बसते. वरून पाहणाऱ्याला वाटतं गाठ बसली, प्रत्यक्षात ती मांसाच्या वर अधांतरी असते. याला 'एअर नॉट' म्हणतात. टाका आहे, गाठ आहे, पण धरलेलं काहीच नाही. कोटेड दोऱ्याची पहिली गाठ लोण्यातून गेल्यासारखी खाली जाते आणि हवी तिथे टेकते. ताई, दोरा सरकतो म्हणूनच गाठ जागेवर पोचते.

आता त्याची किंमत. जे कोटिंग गाठीला खाली जाऊ देतं, तेच तिला नंतर सुटूही देतं. दोऱ्याला काय कळतं, आता सरक आणि आता थांब? म्हणून पहिली गाठ टेकली की तिच्यावर एकाआड एक उलट दिशेने आणखी वेढे चढवायचे. आम्हाला शिकवलं ते असं: साध्या रेशमाला तीन, कोटेड वेणीला चार, एकतारी गुळगुळीत दोऱ्याला पाच-सहा. दिशा उलटी केली नाही तर ती निरगाठ राहत नाही, सुरगाठ होते. ओढली की सुटते.

यातलं मी स्वतः काय भोगलं तेही लिहितो. पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षी रेशमाचा हात बसला होता. एका रात्री कोटेड दोरा हातात आला आणि सवयीने तीनच वेढे मारले, तेही घाईत एकाच दिशेने. वर दोऱ्याची टोकं गाठीलगत कापली. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग उघडलं तर मधले दोन टाके सुटून जखम तोंड वासून बसलेली. रुग्णाला मोठं काही झालं नाही, पुन्हा टाके घातले. पण वरिष्ठांनी मला खुर्चीच्या दांडीवर शंभर गाठी मारायला बसवलं. दोराही तोच, तेल लावलेला. टोकं तीन मिलिमीटर सोडायची, हे तेव्हापासून हातात आहे. आजही कुठल्याही खुर्चीवर बसलो की हात दांडीखाली जातो. बायको चिडते.

---

आसारी | १८ जानेवारी, सकाळी ९:२५

मी येवल्याचा. अप्पांचं वाचून मान खाली गेली. आमच्याकडं पतंग म्हणजे तीन दिवसांचा सण, गावात लहान-थोर सगळे गच्चीवर. पण नायलॉन आमचा नाही. आमचा सुती दोरा.

डॉक्टरसाहेबांचं वाचताना एक गंमत डोक्यात आली. आम्ही मांजा सुततो तेव्हा दोऱ्याला काय लावतो? खळ, सरस, रंग आणि वस्त्रगाळ केलेली काचेची पूड. म्हणजे आम्ही दोऱ्याला कापायला शिकवायला लेप देतो, आणि तुमच्याकडं न कापायला. दोन्हीकडं दोराच, दोन्हीकडं लेपच.

आणि खरं सांगू का, आमच्यातही मांजा फार खरखरीत झाला तर चालत नाही. ढील देताना आसारीवरून, म्हणजे फिरकीवरून, सरसर सुटला पाहिजे. अडकला की पेच गेलाच. म्हणून जाणता माणूस काच बेताची टाकतो आणि सुतल्यावर दोरा फडक्यातून ओढून घेतो. हाताला लागणार नाही, पण दुसऱ्याच्या दोऱ्याला लागेल, इतपत.

घरात पैठणीचे माग पण आहेत. टाक्याचं रेशीम आणि आमचं रेशीम एकच का?

---

गोदाकाठची | १८ जानेवारी, दुपारी १:०५

सगळ्यांचे आभार! अप्पांना वाचून दाखवलं. "तोंड वासून बसलेली" ऐकल्यावर त्यांनी गळ्याला हात लावला.

आसारीदादा, तुम्ही मान खाली घालू नका. अप्पा स्वतः लहानपणी काचेच्या बाटल्या कुटायचे, हे त्यांनी आजच कबूल केलं.

पण डॉक्टरसाहेब, कोटिंग म्हणजे *काय* असतं ते राहिलंच.

---

सातपूरकर | १८ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

हा प्रश्न आपला. मी पॉलिमरच्या कामात आहे, सातपूरला. टाक्याचे दोरे बनवत नाही, पण त्यातला माल ओळखीचा आहे.

आधी दोरा. व्हायक्रिल म्हणजे पॉलिग्लॅक्टिन ९१०. ग्लायकोलाइड ९० भाग आणि लॅक्टाइड १० भाग अशी साखळी. शरीरातल्या पाण्यानेच ती हळूहळू तुटते, आणि उरतं ते ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्ल. लॅक्टिक म्हणजे दह्यातलं. हा दोरा १९७४ मध्ये आला तेव्हा बिनकोटिंगचा होता, कोटेड १९७९ मध्ये आला. सिस्टरांच्या वयस्कर सिस्टर सांगत होत्या तो हाच काळ असणार.

आता लेप. त्यात दोन गोष्टी निम्म्या-निम्म्या. एक, त्याच जातीचं पण उलट्या प्रमाणाचं पॉलिमर: पॉलिग्लॅक्टिन ३७०, म्हणजे लॅक्टाइड ६५ आणि ग्लायकोलाइड ३५. हे दोऱ्यापेक्षा मऊ, वेणीच्या खाचांत बसतं आणि पृष्ठभाग सपाट करतं. भिंतीला लांबी (पुट्टी) भरतो तसं. दुसरी गोष्ट कॅल्शियम स्टिअरेट, आणि खरी गंमत इथेच आहे.

ताई, तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे का? कपडे धुतल्यावर बादलीला आतून पांढरट चिकट थर बसतो, नखाने खरवडला तर मेणासारखा निघतो. साबणातलं स्टिअरिक आम्ल आणि जड पाण्यातलं कॅल्शियम एकत्र येऊन जे होतं, त्यातला मोठा भाग म्हणजे कॅल्शियम स्टिअरेट. बादलीवर तो नकोसा असतो, टाक्याच्या दोऱ्यावर मुद्दाम शुद्ध करून लावतात. पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रक्तात-पाण्यात लगेच धुऊन जात नाही. त्याचे रेणू लांब शेपटीचे, एकमेकांवरून घसरणारे. आम्ही पीव्हीसी पाइप काढताना माल साच्याला चिकटू नये म्हणून हेच वापरतो. याचा सख्खा भाऊ मॅग्नेशियम स्टिअरेट तर तुम्ही रोज गिळता. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून बहुतेक गोळ्यांत असतो.

सगळ्या कंपन्यांचं सूत्र एकच नसतं. पॉलिग्लायकोलिक ॲसिडच्या दोऱ्यांवर पॉलिकॅप्रोलॅक्टोन आणि कॅल्शियम स्टिअरेट हे मिश्रण चालतं. न विरघळणाऱ्या पॉलिएस्टरवर पॉलिब्युटिलेट किंवा सिलिकोन असतं. टेफ्लॉनही लावून पाहिलं गेलं. तवा आठवला ना? झालंही तव्यासारखंच, त्याचे कण दोऱ्यावरून सुटून मांसात राहायचे आणि त्यांच्याभोवती शरीर सूज आणायचं. म्हणून कोटिंगवाल्याची पहिली परीक्षा घसरण नाही. लेप दोऱ्याला धरून राहतो का, ही आहे.

---

सगळं_नैसर्गिक | १८ जानेवारी, रात्री ८:१५

म्हणजे पाइपमध्ये टाकतात ते केमिकल माणसाच्या गळ्यात! आणि लोक वा वा करताहेत. पूर्वी कॅटगट होता, शुद्ध नैसर्गिक. आपल्या ऋषींनी तर झाडाच्या सालीने टाके घातले. ते काय मूर्ख होते?

---

ओटीतली_सिस्टर | १८ जानेवारी, रात्री ८:४०

दादा, कॅटगट मी हाताळलाय. मांजराचा नसतो, मेंढीच्या नाहीतर गाईगुरांच्या आतड्याचा असतो. अल्कोहोलमध्ये बुडवलेला येतो, पाकीट उघडलं की जो वास येतो तो एकदा घ्या, मग नैसर्गिकावर बोलू. शरीर त्याला पाचक रसांनी तोडतं, म्हणजे आपण मांस पचवतो तसंच. त्यामुळे तो आज टिकेल की उद्या संपेल हे माणसागणिक बदलतं. युरोपात गाईंच्या मेंदूच्या रोगाच्या भीतीने तो बाजारातून गेलाच.

जांभळ्याचं तसं नाही. दोन आठवड्यांनी पाऊण ताकद, तीन आठवड्यांनी निम्मी, आणि साधारण छप्पन्न ते सत्तर दिवसांत पूर्ण गायब. डॉक्टरला तारीख धरून चालता येतं.

---

वैद्य_पंचवटी | १८ जानेवारी, रात्री ९:३०

ऋषींचं नाव निघालं म्हणून. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात टाक्याला चालणाऱ्या दोऱ्यांची यादीच दिली आहे: बारीक सूत, अश्मंतकाची साल, ताग, अळशीचा धागा, स्नायू (म्हणजे कंडरा), केस, मोरवेल, गुळवेल. म्हणजे त्यांनी एका सालीवर भिस्त ठेवली नाही. जागा पाहून दोरा आणि जागा पाहून टाका. टाक्यांची नावंही पाहा. गोफणिका, म्हणजे गोफणीसारखा. तुन्नसेवनी, म्हणजे रफूगाराचा. विणकर-शिंप्यांच्या हातातलं कसब त्यांनी उचललं, आजचे सर्जन पॉलिमरवाल्यांकडून उचलतात. यात नैसर्गिक-अनैसर्गिक असा तंटा मला दिसत नाही. केस हा तर निसर्गाचाच एकतारी दोरा, वरून तेलकट.

अवांतर: नाक कापल्याच्या कथेवरून नाव पडलेल्या गावात आपण बसलोय, आणि नाक पुन्हा जोडायची कृती सुश्रुतानेच लिहिली. नाशिककरांनी तरी टाक्यांना नाक मुरडू नये.

---

कसमादेकर | १९ जानेवारी, सकाळी ११:२०

वैद्यबुवा, विणकरांचं नाव काढलं म्हणून बोलतो. मालेगावला सायझिंगवर वीस वर्षं काढली आहेत.

पॉवरलूमवर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा कोरा चढवला तर तासाभरात तुटतुट सुरू होते. फणीतून, वयीतून तो दिवसभर घासला जातो. म्हणून आधी त्याला खळ पाजतात. स्टार्चची गरम लापशी, त्यात थोडी चरबी नाहीतर मेण. स्टार्चने धाग्याची लव खाली बसते, मेणाने तो सरकतो. लेप जास्त झाला तर धागा काडीसारखा कडक होऊन मोडतो, कमी झाला तर लव उभी राहते. चिमटीत धरून कळायला मला दोन वर्षं लागली.

सातपूरकरांची लांबी आणि स्टिअरेट वाचून म्हटलं, अरे, ही तर आपलीच खळ! खाचा भरणारं एक आणि घसरवणारं एक. फरक एवढाच, की आमची खळ कापड झाल्यावर धुऊन टाकावी लागते. यांची अंगातच जिरते.

---

डॉ_निरगाठ | १९ जानेवारी, दुपारी ३:४५

कसमादेकर, हे मला कुठल्याही पुस्तकात इतकं सरळ सांगितलेलं मिळालं नव्हतं.

आसारी यांचा रेशमाचा प्रश्न राहिला होता. होय, मूळ रेशीम तेच. कोशातल्या तंतूवर डिंकासारखं सेरिसिन असतं, वजनाने पाव हिस्सा तरी. तुम्ही ते साबण-सोड्यात उकळून काढता, टाक्याच्या रेशमाचंही काढतात. मग वेणी घालतात, काळा रंग देतात आणि वरून मेण किंवा सिलिकोन. थोडक्यात, निसर्गाने दिलेला चिकट लेप काढायचा आणि माणसाचा घसरता लावायचा. हाताला रेशमासारखं दुसरं काही नाही, गाठ मारली की मारली. पण शरीर त्याला परका समजून जास्त सूज आणतं, आणि वेणीतल्या फटींतून ओल आत शोषली जाते. लेपाने ही शोषणाची वाट थोडी बुजते, हा आणखी एक फायदा.

आणि वरचा काळा दोरा बहुतेक नायलॉनचा, एकतारी. त्याला खाचाच नाहीत, त्यामुळे लेपाची गरज नाही. ज्या मांजाने गळा कापला, त्याचाच नावाने तरी भाऊबंद. मग सगळीकडे तोच का नाही, असं कोणी विचारेल. ताठ असतो हो. पाकिटातली वळी सोडत नाही, स्प्रिंगसारखा उलगडत राहतो, आणि कापलेली टोकं आत टोचतात.

---

गणितमास्तर | १९ जानेवारी, रात्री ९:०५

चारच गाठी का, याचा हिशेब कोणी मांडला नाही म्हणून मी मांडतो.

बैलाचा कासरा खुंट्याला एक वेढा देऊन धरला तर बैल ओढून नेतो. तीन वेढे दिले तर पोरगंही दोन बोटांनी धरून ठेवतं. वेढ्यांमुळे धरण्याची ताकद बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. समजा घर्षणांक ०.३ आहे. एका पूर्ण वेढ्याने ताकद सुमारे ६.६ पट होते, दोन वेढ्यांनी ४३ पट. आता लेप लावून घर्षणांक निम्मा केला, ०.१५. एका वेढ्याला फक्त २.६ पट मिळतात. पुन्हा ६.६ गाठायला दोन वेढे लागतात. घर्षण निम्मं, तर वेढे दुप्पट. आकडे उदाहरणापुरते घेतलेत. खऱ्या गाठीत दोरा दोऱ्यावर दाबला जातो आणि चेपतो, त्यामुळे तिथे इतकं सोपं नसतं. पण व्यवहार कोणत्या दिशेचा आहे ते दिसतं.

---

चिवडाबहाद्दर | १९ जानेवारी, रात्री ९:३०

मास्तर, दहावीला तुम्ही असता तर मी वाणिज्य शाखेला गेलो नसतो.

एक बाळबोध शंका. सरकण्याचा एवढा त्रास, तर गाठच नको असा दोरा नाही का?

---

डॉ_निरगाठ | १९ जानेवारी, रात्री ११:१५

आहे की. कुसळ माहीत आहे ना? धोतरात शिरतं ते पुढे पुढेच जातं, मागे येत नाही. तसा दोऱ्यावर बारीक तिरके काटे काढलेला दोरा मिळतो. एका बाजूने ओढला की जातो, उलटा ओढला की काटे मांसात रुततात. गाठ नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत, जिथे गाठ मारणं जिकिरीचं असतं, तिथे फार सोयीचा. पण चुकीच्या जागी ओढला तर मागे घेता येत नाही, आणि महाग. माझा हात अजून त्याच्यावर बसलेला नाही, हेही खरं.

अजून एक, घर्षणाचाच विषय आहे म्हणून. लेप दोऱ्यालाच असतो असं नाही, सुईलाही असतो. टाक्याच्या सुईवर सिलिकोनचा पातळ थर असतो. नवी सुई चामडीतून अलगद जाते, दहा-बारा वेळा गेली की थर झिजतो आणि मनगटाला जोर जाणवू लागतो. इंजेक्शनच्या सुईचंही तेच. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तीच सुई चार-चार दिवस वापरली की दुखतं, ते मनाचे खेळ नाहीत. टोक वाकलेलं असतं आणि लेप गेलेला असतो.

---

आसारी | २० जानेवारी, सकाळी ८:४०

आईला इन्सुलिन आहे. एक सुई आठवडाभर चालवायची ती, काटकसर म्हणून. काल रात्री हे वाचून दाखवलं. आज सकाळी नवी लावली. म्हणाली, टोचली का नाही अजून?

---

गोदाकाठची | २३ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

आज वरचे टाके निघाले, आठव्या दिवशी. काळा दोरा कापून ओढला की सुळकन बाहेर. अप्पांनी डोळे घट्ट मिटलेले, सिस्टर म्हणाल्या झालं, तरी उघडेनात. वाचनखूण साठवली आहे, सगळ्यांचे मनापासून आभार.

---

गोदाकाठची | २४ फेब्रुवारी, रात्री १०:१०

धागा वर काढतेय, सॉरी.

जखम छान भरली होती. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे व्रणाखाली तांदळाच्या कणीएवढ्या तीन गाठी लागायच्या, त्यातल्या दोन आता लागत नाहीत. तिसरी मात्र दोन दिवसांपासून लाल झालीय, आणि आज दाढी करताना अप्पांना तिथून जांभळं टोक बाहेर आलेलं दिसलं. पापणीच्या केसाएवढं. पू नाही, ताप नाही. अप्पा चिमटा घेऊन आरशासमोर उभे होते, मी काढून घेतला. ओढू का नको?

---

ओटीतली_सिस्टर | २४ फेब्रुवारी, रात्री १०:२५

अजिबात ओढू नका! चिमटा कपाटात ठेवा. उद्या डॉक्टरांना दाखवा. कधी कधी वरच्या बाजूची गाठ विरघळण्याआधीच शरीर बाहेर ढकलतं. चार वेढ्यांची गाठ जाड असते, ती जिरायला बाकी दोऱ्यापेक्षा वेळ लागतो. साडेपाच आठवडे झालेत, आता टाक्याचं काम उरलेलं नाही, पण घरी उपद्व्याप नको.

---

गोदाकाठची | २५ फेब्रुवारी, दुपारी १२:५०

जाऊन आलो. डॉक्टरांनी स्पिरिटने पुसून, चिमटीत धरून गाठ उचलली, खालून कात्री लावली. दोन मिनिटांचं काम. बधिरसुद्धा करावं लागलं नाही.

मी मागून घेतली. कापसावर ठेवलेली होती, मोहरीच्या निम्मी. रंग फिकटलेला, नखाने दाबली तर भुगा झाल्यासारखी चुरली. वेढे मोजता येतील म्हणून गणितमास्तरांसाठी फोटो काढणार होते, तोवर अप्पांनी फुंकर मारली.

---

गणितमास्तर | २५ फेब्रुवारी, दुपारी १:१५

अप्पांना सांगा, उत्तरपत्रिका हरवली की मी पूर्ण गुण देतो.